तंबू घ्यावा दवासाठी

इगतपुरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दुकानात टांगलेल्या तंबूच्या चिठ्ठीवरही अनेकदा ३००० मिलिमीटर असंच छापलेलं असतं. माप एकच, हिशेब मात्र निराळा. पावसाचे मिलिमीटर म्हणजे पडलेलं पाणी जागीच साचलं तर जेवढी उंची भरेल तेवढे. तंबूचे मिलिमीटर म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ पेलला जातो, याची प्रयोगशाळेतली मोजणी. स्तंभ वाढवत न्यायचा आणि कापडातून थेंब डोकावू लागले की थांबायचं. गिऱ्हाईक मात्र मोठा आकडा दिसला की खिशात हात घालतं.

नाशिकच्या आसपासच्या डोंगरांत या आकड्याचं महत्त्व मर्यादित आहे. साल्हेर, रतनगड, अलंग-मदन-कुलंग या बाजूला तंबूत राहण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भर पावसात गडावर राहणारे बहुतेक जण गुहेत नाहीतर देवळात पथारी पसरतात किंवा पायथ्याच्या गावात थांबतात, आणि तेच शहाणपणाचं असतं. हंगामातल्या एखाद्या अवकाळी सरीला छताचे १५०० मिलिमीटर पुरतात. तळाचं कापड मात्र भक्कम हवं. ओल्या जमिनीवर गुडघा टेकून ३० किलो भार १०० चौरस सेंटिमीटरवर आला, तर तिथला दाब ३ मीटर उंचीच्या पाण्याइतका होतो. ३००० मिलिमीटरची गरज असते ती इथे, खाली.

हिवाळ्यात तंबू ओला होतो तो बहुधा आतून. निरभ्र रात्री तंबूचं कापड आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. इकडे आत झोपलेलं माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतं. दोघं असतील तर अर्धा लिटर. ही वाफ थंड कापडाला लागली की गार पाण्याच्या पेल्यावर जमतात तसे थेंब जमतात. पहाटे डोक्यावर टपटपणाऱ्या या पाण्याला लोक ‘तंबू गळतो’ म्हणतात आणि पुढच्या वेळी आणखी जाड, आणखी जलरोधक कापडाचा तंबू आणतात. त्यातूनही वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे दुखणं तसंच राहतं.

याचा इलाज म्हणजे हवेला वाट. आत जाळीचा तंबू, त्यावर चार बोटं अंतर सोडून बाहेरचं आवरण आणि त्या आवरणाला वर झरोका, अशी दुहेरी रचना घ्यावी. उबदार दमट हवा हलकी असते. ती वरून निसटते आणि खालच्या फटीतून कोरडी हवा आत येते. तरीही थेंब जमले तर ते बाहेरच्या आवरणावर जमतात आणि जाळीच्या बाहेरून ओघळतात. जागेची निवडही फुकटात मदत करते. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी किंवा खोलगट जागी थंड, दमट हवा साचते. थोड्या उंचवट्यावर, झाडाच्या फांद्यांखाली दहिवर कमी पडतं, कारण फांद्या कापड आणि आकाश यांच्या आड येतात. फांदी वाळकी नाही ना, एवढं मात्र वर मान करून पाहावं.

दुसरी गोष्ट कातळाची. परदेशी पदभ्रमंतीत सध्या हातातल्या काठीच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या तंबूंची चलती आहे. वेगळे दांडे नसल्याने त्यांचं वजन एक किलोच्याही खाली येतं, पण ते उभे राहतात ते मेखांच्या आणि तणाव्यांच्या ताणावर. सह्याद्री बेसाल्टचा. माथ्यावर अनेक ठिकाणी मातीचा थर वीतभरही नसतो आणि मेख दोन बोटं जाऊन थांबते. इथे आपल्याच दांड्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू हवा. तणावे मोठ्या दगडांना बांधता येतात.

ते बांधायचा कंटाळा मात्र करू नये, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे साडेसात किलोचा रेटा देतो. ८० किलोमीटरला तो ३० किलोवर जातो. स्वस्त तंबूचे फायबरग्लासचे दांडे अशा वेळी उभे चिरतात. ॲल्युमिनियमचे दांडे हलके असतात, बहुधा मोडण्याआधी वाकतात आणि वाकलेला दांडा रात्रीपुरता तरी सरळ करून घेता येतो. जादा पैसे मोजायचेच तर दांड्यांवर मोजावेत.

वजनाचंही थोडं गणित करावं. दोघांचा साधा दुहेरी तंबू अडीच किलोच्या आसपास असतो. एक किलोचा घ्यायचा तर किंमत कित्येक पटींनी वाढते. वाचलं किती? दीड किलो, म्हणजे दोन पाठींवर वाटून प्रत्येकी पाऊण किलो. पाण्याच्या एका बाटलीहूनही कमी! सॅकमधली जादा जीन्स आणि स्टीलचा डबा घरी ठेवला तरी तेवढं भागतं. स्वस्त पॉलिएस्टरही इथे कमीपणाचं नाही. ते नायलॉनपेक्षा पाणी कमी शोषतं, त्यामुळे दवाने ओलं झालं तरी फारसं सैल पडत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं.

तंबूचा खरा शत्रू आहे घरातला माळा. जलरोधकतेसाठी दिलेला पॉलियुरेथेनचा थर दमट उष्णतेत पाण्याशी अभिक्रिया होऊन विघटित होतो. आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात आणि कुबट वास येतो. ओला तंबू गुंडाळून पावसाळाभर ठेवला की महागडाही वाया जातो. सावलीत पूर्ण वाळवून, सैल पिशवीत ठेवलेला साधा तंबू कितीतरी वर्षं चालतो.

रतनगड, अलंग, कुलंग हे गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, तेव्हा मुक्कामाचे नियम वन विभागाकडून आधी विचारून घ्यावेत. दुकानात मात्र एक परीक्षा जरूर घ्यावी. विक्रेत्याला फरशीवर, एकही मेख न ठोकता तंबू उभा करायला सांगावं, आत आडवं होऊन दार लावावं आणि हवा कुठून येते, कुठून जाते ते शोधावं. चिठ्ठीवरचा आकडा त्यानंतर वाचला तरी चालेल.