तिथी पाहून मालवणला

पनवेल हे मूळचेच वाटेवरचे गाव. खाडीच्या बंदरात उतरलेला माल बैलगाड्यांवर लादून बोरघाटाने देशावर जाई, त्या काळापासून येथील माणसाला प्रवाशांची वर्दळ परिचयाची आहे; आणि आज तर कोकणात उतरणाऱ्या बहुतेक आगगाड्या येथे थांबतात, कन्याकुमारीपर्यंत जाणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथूनच निघतो, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळही पनवेल तालुक्यातच उभा राहिला आहे. साहजिकच सुटीचे दिवस जवळ आले की समुद्राखाली उतरून प्रवाळ पाहण्याची हौस असलेल्या घराघरांतून अंदमान, लक्षद्वीप आणि मालदीव या नावांचा जप सुरू होतो. माझे मत असे की, पनवेलच्या माणसाने आपली पहिली बुडी या तिन्ही ठिकाणी न मारता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखाली, मालवणच्या पाण्यात मारावी.

अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील पाणी मालवणपेक्षा पुष्कळ निवळ असते आणि प्रवाळांचे व मत्स्यांचे वैविध्यही तेथे अधिक आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. लक्षद्वीपची खाजणेही विलक्षण सुंदर. मात्र तेथे जाण्यासाठी आधी प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. परंतु ज्याने आयुष्यात कधी तोंडात नळी धरून पाण्याखाली श्वास घेतलेला नाही, ज्याला आपले कान आणि आपले मन त्या दाबाखाली कसे वागेल याची काडीइतकी कल्पना नाही, त्याने विमानाचे भाडे, त्यापुढे अंदमानची राजधानी श्री विजयपुरम येथून बोटीचे भाडे, आणि बेटावरील मुक्कामाचा खर्च अशी मोठी रक्कम घालून पहिल्याच बुडीत घाबरून वर येण्यापेक्षा, हा पहिला पाठ एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर गिरवावा, यात शहाणपण आहे.

शिवाय मालवणची जागा काही दुय्यम नव्हे. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी ज्या किल्ल्याचा पाया घातला, त्या किल्ल्याभोवतीच्या खडकांवर आज प्रवाळ वाढत आहेत, आणि या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्राला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा देण्यात आला आहे. तटाच्या आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आणि नांदती घरे. तटाच्या बाहेर, लाटेखाली, प्रवाळांची ही दुसरी वसाहत. एकाच बेटावर एका सकाळी इतिहास आणि निसर्ग असे दोन्ही पदरात पडावेत, असे स्थळ सबंध पश्चिम किनाऱ्यावर मला तरी दुसरे ठाऊक नाही.

प्रवासाची तजवीज सोपी आहे. मध्यरात्रीच्या सुमारास पनवेल सोडणारी कोकणकन्या सकाळी कुडाळला पोचवते आणि तेथून मालवण एस.टी.ने किंवा रिक्षाने सुमारे तीस किलोमीटर. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि नाताळाच्या किंवा मे महिन्याच्या गाड्या पाहता पाहता भरतात, म्हणून तारखेचा निर्णय आधी झाला पाहिजे. आणि हा निर्णय बहुतेक लोक चुकीच्या कागदावरून करतात. कचेरीची रजा आणि मुलांची शाळा यांचा मेळ घालून जी तारीख निघते ती समुद्राला मान्य आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा शासनाच्या हुकुमानेच बंद असतात. पाऊस सरून नद्यांचा गाळ बसला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पण त्या उत्तम काळातही सगळे दिवस सारखे नसतात, आणि येथे आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले तिथींचे कॅलेंडर उपयोगी पडते.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांचे आकर्षण एकवटते आणि समुद्राला उधाण येते. पाणी पुष्कळ चढते, पुष्कळ उतरते, आणि या जोराच्या येरझाऱ्यांत तळाची वाळू ढवळून निघते. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र परस्परांशी काटकोन करतात, एकाचा ओढा दुसऱ्याचा जोर कमी करतो, आणि पुढचे दोन-तीन दिवस जी मंद भरती-ओहोटी होते तिला किनाऱ्यावरचे लोक भांग म्हणतात. बुडी मारणाऱ्याने हे भांगाचे दिवस धरावेत, कारण पाणी संथ आणि त्यामुळे अधिक स्वच्छ असते. भरतीची वेळ काढण्याचाही एक जुना हिशेब किनाऱ्यावर रूढ आहे: तिथीच्या अंकाला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे, जो आकडा येईल तितके वाजण्याच्या सुमारास पाणी पुरे भरते. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब मुंबईकडचा आणि ठोकळ आहे, मालवणला पाणी थोडे आधी भरते. पण बेत आखायला तो पुरेसा आहे. ओहोटीबरोबर कोळंबच्या आणि कर्लीच्या खाडीचे गढूळ पाणी बाहेर येते, भरतीबरोबर उघड्या समुद्राचे निवळ पाणी किनाऱ्याशी येते. दुपारी समुद्रावरून वारा सुटून लाटा उठतात, सकाळी मात्र मतलई वाऱ्यात पाणी शांत असते. या सर्व गोष्टी एकत्र मांडून पाहिल्या, तर कोणत्याही पक्षातील दशमी-एकादशीची सकाळ बुडीला सर्वांत अनुकूल ठरते, कारण त्या दिवशी भांग असतो आणि भरतीही सकाळीच येते. एकादशीचा उपास असेल तर तोही आड येत नाही. भरल्या पोटी पाण्यात उतरू नये असेच प्रशिक्षक सांगतात.

आता प्रत्यक्ष बुडीविषयी. पाठीवरच्या नळकांड्यात निव्वळ प्राणवायू असतो हा समज सार्वत्रिक असला तरी खरा नाही. आपण एरवी घेतो तीच हवा त्यात दाबून भरलेली असते, आणि ती मागेल तेवढीच तोंडाशी आणून देणारी झडप १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनी सिद्ध केली. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तो पहिल्यांदा जाणवतो कानांना, म्हणून दोनतीन हात खाली जाताच, दुखू लागण्याची वाट न पाहता, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे. कानात बारीक आवाज होऊन पडद्यावरचा ताण उतरतो. सर्दी झाली असेल तर ही वाट बंद असते, आणि त्या दिवशी बुडी रद्द करणे हेच योग्य. दुसरा नियम प्राणांशी निगडित आहे: श्वास कधीही रोखू नये. दहा मीटरवर छातीत घेतलेली हवा पृष्ठभागी येईतो दुप्पट फुगते, आणि ती कोंडून ठेवलेली असेल तर फुप्फुस फाटू शकते. खुणांची भाषाही आधी नीट शिकून घ्यावी. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ “छान चालले आहे” असा न होता “मला वर न्या” असा होतो. सर्व ठीक आहे हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून कडे करावे लागते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे जुने दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी खाली उतरू नये. हे दडवून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, तो घातक आहे. विमानाने परतणार असाल तर शेवटच्या बुडीनंतर किमान अठरा तास जाऊ द्यावेत. पोहता येणे पहिल्या बुडीला अनिवार्य नाही, कारण प्रशिक्षक हात सोडीत नाही. ज्याला पुढे रीतसर शिक्षण घ्यायचे असेल त्याच्यासाठी पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्वतंत्र संस्था उभारली आहे.

खाली गेल्यावर लाल रंग सर्वांत आधी विरतो आणि सारे जग हिरवट-निळे दिसू लागते. खडकाच्या कपारीत गोबरा मासा तोंड उघडे ठेवून स्वस्थ बसलेला असतो, पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे अंगाशी येऊन सहज वळतात, आणि आपण ज्याला रंगीत दगड समजतो तो सूक्ष्म प्राण्यांचा समुदाय असतो, हे हळूहळू उमगते. हे प्राणी आपल्या शरीरात शैवाल बाळगतात आणि त्याच्याच अन्नावर बहुतांशी जगतात. पाणी फार तापले की ते शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. मालवणला २०१४ साली असे घडल्याची नोंद संशोधकांनी केली आहे. शेकडो मैलांवरच्या उष्णतेला आपण एकटे आवरू शकत नाही, परंतु प्रवाळावर पाय ठेवून छायाचित्र काढून घेणे, मासे जमावेत म्हणून पाव आणि बिस्किटे कुस्करणे, आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात घालणे, हे तर आपल्याच हातचे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये या प्रवाळांना वाघाइतकेच संरक्षण आहे. तुकडा उचलणे हा गुन्हा आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२२ च्या मे महिन्यात, हंगाम अगदी संपत आला असता, तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोन जणांचे प्राण गेले. तेव्हा मेच्या अखेरचे दिवस टाळा. होडीत माणसे किती बसवली आहेत ते मोजा. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जीवरक्षक जाकीट अंगातून काढू नका. आणि भरलेल्या पैशांची हळहळ कितीही वाटली, तरी होडीवाला “आज दर्या बरो नाय” म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत न घालता दुसऱ्या दिवसाची तिथी पाहा.