शून्य आणि तुटलेली तार



कारखाना पाहायला येणारे सभासद गव्हाण, मिल, पॅन बघून कंट्रोल रूममध्ये आले की हमखास विचारतात, "साहेब, पाणी तिकडं बॉयलरमध्ये अन् आकडा इथं. हा खरा कशावरून मानायचा?" प्रश्न रास्त आहे. बॉयलर थांबला की मिल थांबते. तोडलेला ऊस गाडीतळावर वाळतो. वजन घटते, उताराही घटतो.

बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी ट्रान्समीटर नावाचे उपकरण मोजते. पातळी मापाच्या तळाशी असेल तर ते तारेतून ४ मिलिअँपिअर प्रवाह सोडते, माथ्याशी असेल तर २०, आणि निम्म्यावर असेल तर १२. व्होल्टेज न पाठवता प्रवाहच का पाठवायचा? लांब पाइपलाइनीच्या शेवटी पाण्याचा जोर कमी पडतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तारेत व्होल्टेजचेही तसेच होते. परंतु पाइप कुठे फुटला नसेल तर जेवढे पाणी इकडून शिरते तेवढेच तिकडे निघते. तसाच एका फेऱ्यातला प्रवाह सगळीकडे सारखा असतो.

कंट्रोल रूममधील यंत्राला मात्र व्होल्टच समजतात. म्हणून त्या फेऱ्यात २५० ओहमचा रोधक घालतात. काही यंत्रांत तो आतच असतो. ओहमने १८२७ साली मांडलेल्या नियमाने प्रवाहाला रोधाने गुणायचे. ४ मिलिअँपिअरचा होतो १ व्होल्ट, २० चे ५. यंत्राने ३ व्होल्ट वाचले म्हणजे पातळी निम्म्यावर.

आता मोजणी शून्यापासून न धरता ४ पासून का? खरी मेख इथेच आहे. शून्यापासून धरली असती तर तार तुटताच "पाणी तळाला गेलं" असे दिसले असते. पंप पाणी ढकलत राहिला असता, आणि वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडण्याचा धोका होता. आता शून्य आले की कामगार ओळखतो, पाणी नव्हे, तार गेली. तो आधी बॉयलरवरची गेजची काच पाहतो.

हेच शास्त्र शेतावरही लागू पडते. ठिबकच्या स्वयंचलित यंत्रावर १२ व्होल्टची बॅटरी असते, पण मोजणारा इनपुट बहुधा ५ व्होल्टच सोसतो. म्हणून ३० हजार आणि १० हजार ओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडून लहान रोधकावर मोजतात. तिथे चौथा हिस्सा मिळतो. १२ चे ३ व्होल्ट, चार्जिंगच्या वेळच्या १४.४ चे ३.६. वाचलेल्या आकड्याला ४ ने गुणले की झाले.

मात्र एक कळकळीची सूचना. मोटारीच्या ४१५ व्होल्टवर हा प्रयोग कोणीही करू नये. रोधक वीज वाटून घेतो, अलग करीत नाही. तिथे ट्रान्सफॉर्मर मधे घालूनच मोजतात, आणि ते काम जाणकार वायरमनचे. आकड्यापायी जीव गमावू नका.

अहवालात उपकरणांच्या तपासणीचा खर्च दिसला की काही सभासद म्हणतात, "एवढ्याशा डबीला एवढे पैसे?" त्या डबीच्या आकड्यावर बॉयलर चालतो, आणि बॉयलरवर आपला ऊस. खर्चाबद्दल जरूर विचारा. सोबत हेही विचारा, "हंगामाआधी ४ आणि २० तपासले का?"