तंबूतली ऊब

नाशिकच्या अशोकस्तंभाकडून गंगापूर रोडने निघाले की आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव अशी वस्ती मागे पडत जाते आणि पुढे धरणाचे पाणी लागते. 1965 साली पूर्ण झालेले हे मातीचे धरण नाशिककरांची तहान भागवते. अलीकडे डिसेंबर-जानेवारीत त्याच्या काठावर तंबूही दिसू लागले आहेत. शनिवारी संध्याकाळी मुंबई-ठाण्याच्या गाड्या येतात, शेकोटी पेटते, भरीत-भाकरी होते. खरी थंडी सुरू होते ती पहाटे तीननंतर, शेकोटी विझून सगळे तंबूत शिरल्यावर.

ही थंडी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 7 जानेवारी 1945 रोजी नाशिकचे तापमान 0.6 अंशांवर उतरल्याची नोंद आहे. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात डिसेंबर 2018 मध्ये पारा 1.8 अंशांपर्यंत घसरला होता. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. गार झालेली जड हवा उताराने खाली येते आणि सखल भागात साचते. त्यामुळे धरणाच्या अगदी काठावर, मोकळ्या आभाळाखाली ठोकलेला तंबू दिसायला देखणा असला तरी जरा वर, झाडाच्या आडोशाला असलेला तंबू त्याच्यापेक्षा उबदार राहतो.

हे द्राक्षवाल्यांना कुणी शिकवावे लागत नाही. पारा उतरला की दिंडोरी-निफाडचे बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने विहिरीचे पाणी सोडतात, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा गरम असते. मण्यांची फुगवण थांबू नये, मणी तडकू नयेत म्हणून ही धावपळ. धुरामुळे बाग वाचते असा समज आहे, पण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांना फारशी अडवता येत नाही. खरे काम करते ती आगीची धग आणि त्या धगीने ढवळलेली हवा. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा ओळीओळीतून पेटवलेल्या लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची गरम हवा झपाट्याने उंच निघून जाते आणि वेलींच्या वाट्याला काही उरत नाही.

तंबूतही हाच हिशेब लागू पडतो. बर्फाळ मुलुखात जाड कापडाच्या तंबूत पत्र्याची चूल ठेवतात आणि तिचे धुरांडे छतातून किंवा भिंतीतून बाहेर काढतात. धुरांडे जाते तिथे आग न धरणाऱ्या कापडाची झालर असते. चूल पेटल्यावर काही मिनिटांत अंगातला स्वेटर काढावासा वाटतो. पण कापडाची भिंत उष्णता धरून ठेवत नाही. लाकूड संपले की तंबू तितक्याच लवकर गार होतो. गरम हवा शेंड्याला जमते आणि झोपणारा मात्र जमिनीवर असतो. मग रात्रभर विस्तव टिकावा म्हणून चुलीचे तोंड आणि धुरांड्याची झडप जवळजवळ बंद करण्याचा मोह होतो. सगळ्यात धोक्याची वेळ हीच. हवा कमी पडली की लाकूड अर्धवट जळते, धुरांड्याची ओढही मंदावते आणि विषारी वायू तंबूतच साचतो.

या प्रश्नाशी आपल्या लष्कराची गाठ रोजची आहे. 13 एप्रिल 1984 रोजी सियाचिन हिमनदीवर लष्कराची ‘ऑपरेशन मेघदूत’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तिथे जवान उणे 50 अंशांपर्यंतच्या थंडीत राहत आले आहेत. तिथली बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी. ठाण्यात साचणाऱ्या तिच्या काजळीचा आणि विषारी वायूचा त्रास जवानांनी वर्षानुवर्षे सोसला. रॉकेलही खालून वर वाहून न्यावे लागते. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने पूर्व लडाखसाठी ‘हिमतापक’ नावाचे नवे उपकरण तयार केले आणि 2021 च्या सुरुवातीला लष्कराने त्याची 420 कोटी रुपयांहून अधिकची मागणी नोंदवल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी दहा जवानांसाठी सौर तंबू बनवला. आदल्या रात्री बाहेर पारा उणे 14 पर्यंत गेला होता आणि रात्री दहा वाजता तंबूत 15 अंश होते, असे त्यांनी सांगितले. त्यात रॉकेल नाही, जाळ नाही. दिवसाचे ऊन साठवायचे आणि रात्री वापरायचे. मला या सगळ्या प्रयत्नांत हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो आग वाढवत नाही, ऊब राखतो.

आपल्याकडच्या तंबूत धुरांडे नसते. तिथे येते ते घमेले. शेकोटीतले लालभडक निखारे घमेल्यात भरायचे, तंबूच्या मधोमध ठेवायचे आणि चेन वरपर्यंत ओढायची. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात धुमसणाऱ्या कोळशातूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक अशाच रात्री दगावले. त्यांत चार मुले होती. खोली बंद होती आणि आत गॅसचा हीटर चालू होता. वर्तमानपत्रात अशी बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतेच.

मग ऊब कशी राखायची? सुरुवात जमिनीपासून करावी. अंगाखाली दबलेली गोधडी चपटी होते आणि थंडी खालून शिरते. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या बाजूला भाताचा पेंढा मुबलक. त्याचा वीतभर थर, त्यावर ताडपत्री, मग सतरंजी, एवढ्याने फार फरक पडतो. पेंढा तंबूखाली असेल, तर शेकोटी मात्र चांगली लांब हवी. झोपताना कोरडे कपडे, कानटोपी आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी घ्यावी. एक लिटर पाणी 60 अंशांवरून 30 वर येताना 30 किलोकॅलरी उष्णता देते, तीही अंथरुणाच्या आत, जिथे ती हवी असते. वरची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवावी. श्वासातली वाफ बाहेर गेली नाही तर पहाटे कापडावरून पाणी टपकते, आणि ओल्या पांघरुणात थंडी दुप्पट बोचते.

तंबू भाड्याने देणाऱ्यांनी निखाऱ्यांचे घमेले तंबूत नेऊ देऊ नये आणि तशी पाटी प्रत्येक तंबूच्या दारावर लावावी. या हिवाळ्यात गंगापूर धरणावर मुक्कामाला जाणार असाल, तर शेकोटी बाहेर मनसोक्त शेका आणि पाणी ओतून पुरती विझवा. रात्री कुणाचे डोके दुखू लागले आणि आत विस्तव असेल, तर आधी त्या माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.