सिरोंच्याहून विद्यापीठ किती लांब?

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. प्राणहिता गोदावरीला मिळते ती इथं, नदीपल्याड तेलंगणा. 2011 पर्यंत इथल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या मार्कशीटवर नाव चुकलं किंवा पदवी प्रमाणपत्र अडलं, तर नागपूर गाठायचं. आधी गडचिरोली, सुमारे 200 किलोमीटर, आणि तिथून पुढं जवळपास तेवढंच. एका सहीसाठी दोन दिवस, एसटीचं भाडं, वर नागपुरात रात्र काढायला एखादा नातेवाईक हवा. आपली पदवी किती महागात पडली हे विचारलं तर मुंबई-पुण्यात फीचा आकडा सांगतात. इथं त्यात एसटीची तिकिटंही धरावी लागत.

राज्य सरकारनं 27 सप्टेंबर 2011 रोजी नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन केलं, ते हे अंतर कमी व्हावं म्हणून. त्याआधी 1982 मध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता, तेव्हाचा युक्तिवादही हाच होता. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास, क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि त्यातलं सुमारे 70 टक्के जंगल. एका चौरस किलोमीटरमागं 74 माणसं. एवढ्या विरळ वस्तीत कॉलेज चालवायचं तर विद्यार्थी कॉलेजपर्यंत यायला हवा, नाहीतर कॉलेजनं त्याच्यापर्यंत जायला हवं.

विद्यार्थ्यानं यायचं तर राहायचं कुठं, हा पहिला प्रश्न. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यामुळं त्या भागातल्या मुलामुलींना रोज ये-जा करून शिकणं शक्यच नाही. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, पण जागा मोजक्या. ज्यांना तिथं प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी राज्यानं 2016-17 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू केली: खोली भाड्यानं घ्या, जेवणाची सोय बघा, पैसे थेट खात्यात येतील. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार, तालुक्याला 38 हजार. कागदावर योजना चांगली आहे. घरमालक मात्र भाडं महिन्याला मागतो आणि सरकारी पैसा हप्त्यानं येतो. मधले महिने मेसवाल्याच्या वहीत उधारी चढत जाते.

शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा म्हणजे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं आणि आधारशी जुळणारा मोबाइल नंबर. पुढं व्यावसायिक शिक्षणाला गेलात तर जात वैधता प्रमाणपत्र. नंबर बंद पडलेला असला तर ओटीपी येत नाही. ओटीपी नाही तर अर्ज नाही. सेतू केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या मुलीनं या एका ओटीपीपायी दिवसाची मजुरी बुडवलेली असते. कॉलेजातला जो बाबू असे अर्ज चिकाटीनं पार करून देतो, त्याच्यामुळं किती मुलं दुसऱ्या वर्षाला टिकली याची नोंद कुठल्याही मूल्यांकनात होत नाही. माझ्या मते नॅकच्या अहवालात त्याचं स्वतंत्र पान असायला हवं.

कॉलेजनं विद्यार्थ्यापर्यंत जायचं, हा दुसरा मार्ग. गोंडवाना विद्यापीठानं जांभळी या गावापासून ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम सुरू केला. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, त्यांच्यासाठी गावातच, कामाच्या वेळा सांभाळून बी.ए.चे वर्ग. धानाची रोवणी चालू असताना कुणी कॉलेजला का येत नाही, हा प्रश्न तिथं विचारावा लागत नाही.

याला जोडून वेळापत्रकाची गोष्ट. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम यांची गाठ पडते. एप्रिल-मेच्या उन्हात जेमतेम पंधरा-वीस दिवस हा हंगाम चालतो. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी आणून 70-70 पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. एक हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. अख्खं घर कामाला लागतं, कारण पुढच्या कित्येक महिन्यांचा रोख पैसा इथून येतो. या घरातला मुलगा पेपरला गैरहजर राहिला तर त्याला अभ्यासाची आवड नाही असं म्हणणं सोपं आहे. परीक्षा नियंत्रकानं एकदा फळीवर बसून वेळापत्रक आखलं, तर बॅकलॉगचं प्रमाण बदलेल, अशी माझी पैज आहे.

आता पदवीनंतर काय? दोन्ही जिल्ह्यांचं अर्थकारण इथं वेगळं होतं. चंद्रपुरात कोळसा आहे, 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरचा कागद कारखाना आहे. 1996 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तंत्रनिकेतनं आणि आयटीआय तर आहेतच. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनला इथं कारखान्याचं फाटक दिसतं. काम कायमचं की कंत्राटी, हा पुढचा आणि कडू प्रश्न. चिचपल्लीला 2014 मध्ये बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालं. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथली बांबूची देखणी इमारत आगीत जळाली. पण बुरुडकामाच्या पलीकडं जाऊन बांबूच्या फर्निचरला बाजार मिळवून देण्याची कल्पना मोलाची आहे. 2015 पासून चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांत गडचिरोलीही होतं.

गडचिरोलीत मात्र पिढ्यान्पिढ्या नोकरी म्हणजे सरकारी नोकरी. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर जा, 1600 मीटर धावणारी पोरं आणि 800 मीटर धावणाऱ्या पोरी दिसतील. पोलीस भरती, वनरक्षक भरती. त्यातले बरेचसे पदवीधर, बहुतेक बी.ए. तालुक्याच्या कॉलेजात कला शाखा काढणं स्वस्त पडतं. प्रयोगशाळा लागत नाही.

अलीकडं लोखंड आलं. एटापल्ली तालुक्यात सुरजागडची खाण, चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा पोलाद प्रकल्प. त्यापाठोपाठ विद्यापीठानं खाणकाम-धातुशास्त्राच्या शिक्षणाकडं मोर्चा वळवला. लॉईड्स मेटल्स ही खाण चालवणारी कंपनी आणि ऑस्ट्रेलियातलं कर्टिन विद्यापीठ यांच्याशी करार झाले. विद्यापीठाच्या आवारात टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीनं उद्योगांसाठी कौशल्य देणारं प्रशिक्षण केंद्रही उभं राहिलं. याचं स्वागत करताना एक विसरू नये. सुरजागडच्या खाणीला तिथल्या ग्रामसभांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे. त्याच गावांतला मुलगा त्याच खाणीत डंपर चालवायला शिकतो, तेव्हा त्याच्या घरात दोन मतं असतात. सार्वजनिक विद्यापीठाला दोन्ही मतं आपलीच मानावी लागतील.

अमेरिकेत 1862 च्या मॉरिल कायद्यानं राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी सरकारी कॉलेजं उभी राहिली. सामान्य शेतकऱ्याच्या मुलाला कामाचं शिक्षण मिळालं म्हणून त्याचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण त्यातल्या बऱ्याचशा जमिनी तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेल्या होत्या. गडचिरोलीत बसून हे वाचणाऱ्याला वेगळं काही सांगायला नको.

इथली ताकद अशी की जमिनीवरचा, निदान जंगलावरचा हक्क बऱ्याच गावांनी परत मिळवला आहे. वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा या धानोरा तालुक्यातल्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव त्याच वाटेनं गेलं. आज अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करतात.

इथं ती नोकरी दिसते जी कुठल्याही रोजगार मेळाव्याच्या फलकावर नसते. ग्रामसभेनं लिलाव केला की निविदा काढावी लागते, करारनामा वाचावा लागतो, मजुरांचं हजेरीपत्रक ठेवावं लागतं, प्रत्येक घराचे पुडे आणि प्रत्येक घराची रक्कम जुळवावी लागते. बँक खातं, पॅन, लेखापरीक्षण. जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा, हद्द जीपीएसनं मोजायची, नकाशा काढायचा. हे ज्याला येत नाही त्याच्या गावात कंत्राटदाराचा मुनीम हिशेब लिहितो, आणि कंत्राटदारानं लिहिलेला हिशेब कंत्राटदाराच्या सोयीचा असतो. बी.कॉम.चा मुलगा, भूगोलाची विद्यार्थिनी आणि वनस्पतिशास्त्राचा पदवीधर, तिघांचंही काम इथं आहे, आणि ते त्यांच्याच गावात आहे. विद्यापीठात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र सुरू झालं ते स्थानिक उपजीविकांसाठीच. पण केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी एक, आणि ग्रामसभा शेकड्यांनी. हे काम तालुक्याच्या कॉलेजांवर सोपवावं लागेल.

वाट नव्या शैक्षणिक धोरणानं आधीच मोकळी करून ठेवली आहे. पदवी अभ्यासक्रमात आता प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा आहे, चार श्रेयांक म्हणजे सुमारे 120 तास. शहरात ते तास बँकेत, दुकानात, कंपनीत भरतात. धानोरा किंवा कुरखेड्याच्या मुलांना अशी कंपनी शोधायला पुन्हा एसटीच धरावी लागेल. त्यापेक्षा हे 120 तास हंगामात ग्रामसभेचा हिशेब ठेवून भरू द्यावेत, आणि अनुभवाच्या दाखल्यावर ग्रामसभेच्या सचिवाची सही विद्यापीठानं ग्राह्य धरावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत होण्यासारखं आहे. फक्त ती बैठक तेंदूच्या हंगामाआधी, मार्चमध्ये घ्यायला हवी.