किनखाबाचे आठ तुकडे आणि शुगरची गोळी



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी अंतर्गत कर्ज मागितलं. सहा हजार रुपये. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, "ताई, सात दिवसांचं शिबिर आहे. चीनचा ऊर्जेचा व्यायाम शिकवतात. शुगरची गोळी कायमची सुटते म्हणे." आणि शिबिराची वाटही न बघता त्यांनी चार दिवसांपासून गोळी बंद केली होती!

म्हणून आज या व्यायामाबद्दलच बोलू. कारण व्यायाम खरा आहे आणि चांगलाही आहे. खोटं आहे ते गोळी सुटण्याचं आश्वासन.

या व्यायामाला चीगाँग म्हणतात. 'ची' म्हणजे श्वास किंवा आपण ज्याला प्राण म्हणतो ते. 'गाँग' म्हणजे सरावाने अंगी येणारं कसब. हळू हालचाल, त्याच लयीत श्वास आणि मन त्या हालचालीवर, एवढंच त्याचं सूत्र. ताई ची हा त्याच्या नात्यातलाच प्रकार. तो मुळात लढण्याच्या कलेतून आला.

हे किती जुनं आहे? चीनमधल्या चांगशा शहरात मावांगदुई इथे १९७३ साली एक जुनी कबर उघडली, तेव्हा तिच्यात रेशमावर काढलेलं एक चित्र सापडलं. कबर इसवी सनापूर्वी १६८ सालची. आपल्या अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणीही इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली मानतात. त्या चित्रात ४४ माणसं व्यायाम करताना दाखवली आहेत, आणि त्यात पुरुषांबरोबर बायकाही आहेत.

चीगाँगचा एक सोपा संच आहे, बादुआनजिन. या नावाचा अर्थ ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. किनखाबाचे आठ तुकडे! किनखाब म्हणजे नक्षीदार रेशमी कापड. हिमरू आणि पैठणीच्या मुलखातल्या आपण, आपल्याला ते वेगळं सांगायला नको. आठ हालचाली, सगळ्या उभ्यानेच करायच्या. सतरंजी नको, वेगळे कपडे नकोत, साडीवरही जमतं. सगळा संच करायला साधारण पाव तास लागतो.

पहिली हालचाल आत्ताच करून बघा. पायांत खांद्याएवढं अंतर ठेवा, गुडघे किंचित सैल सोडा. दोन्ही हातांची बोटं बेंबीसमोर एकमेकांत गुंतवा. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तळवे वर फिरवा आणि छताला हात लावायचा असल्यासारखे वर न्या. क्षणभर थांबा. मग श्वास सोडत हात बाजूंनी सावकाश खाली आणा. असं सहा वेळा. श्वास कोंडायचा नाही, झटका द्यायचा नाही. खांदा दुखत असेल तर हात जाईल तेवढाच वर न्या.

तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला? बरोबर आहे. पण कापूस वेचताना, पापड लाटताना, शिलाई मशीनवर बसताना तेच सांधे, तोच वाक, तीच घाई असते. इथे सगळे सांधे हळूहळू हलतात, आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना मांड्यांना बळ येतं, तोल सुधारतो. साठीपुढच्या बाईला हे फार महत्त्वाचं, कारण तोल जाऊन पडलं की खुब्याचं हाड मोडतं.

डॉक्टरांनीही हे तपासून पाहिलं आहे. अमेरिकेत बोस्टन इथे गुडघ्याची झीज झालेल्या २०४ जणांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. काहींनी आठवड्यातून दोनदा ताई ची केली, काहींनी फिजिओथेरपी घेतली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालेलं होतं. वयस्कर माणसांचं पडणंही ताई चीने कमी होतं, असं दिसून आलं आहे.

आता दुसरी बाजू. 'ची' नावाची ऊर्जा कोणत्याही यंत्राने मोजता आलेली नाही. हा व्यायाम औषधाच्या जोडीला करायचा आहे, औषधाच्या जागी नाही. नियमित व्यायामाने शुगर आटोक्यात राहायला मदत होते, हे खरं. पण गोळी कमी करायची की नाही, हे रक्त तपासून डॉक्टरच सांगतील. गोळी मनाने बंद केली तर शुगर आतल्या आत वाढते आणि डोळे, किडनी, पाय यांचं नुकसान करते. शिकवणारा "गोळ्या बंद करा" म्हणाला, तर तिथून सरळ उठून या.

बीपी जास्त असेल, हाडं ठिसूळ असतील, दिवस गेले असतील किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी करू नका. तोल जात असेल तर खुर्चीला धरून करा. चक्कर आली, छातीत दुखलं, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

मावशींचं पुढे काय झालं? गटाने शिबिरासाठी कर्ज दिलं नाही. मावशी दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथे तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर मोफत तपासतात. शुगर वाढलेलीच निघाली. गोळी पुन्हा सुरू झाली. आणि डॉक्टरांना विचारूनच व्यायामही सुरू झाला.

आता आमची बैठक दहा मिनिटं आधी भरते. अंगणात आम्ही चौदा जणी हात वर नेतो. मोजायचं काम मावशींकडे आहे. मोजून झालं की त्या आधी विचारतात, "गोळ्या घेतल्या का गं सगळ्यांनी?" आणि मगच हप्त्यांची वही उघडते.

तुमच्या गटातही करून बघा. नमस्कार.