पेट्रोलच्या चोरीचा चित्रपट

चोरीचा चित्रपट म्हटला कीं तिजोरी, हिरे व सोन्याच्या लगडी आल्याच. कांगोचे दिग्दर्शक श्री. मुंगा यांच्या २०१० सालच्या ‘व्हिवा रिव्हा!’ या चित्रपटांत मात्र चोरीस गेलें आहे पेट्रोल! राजधानी किन्शासांत त्याचा दुष्काळ पडलेला; अंगोलांतील एका टोळीनायकाचा साठा लांबवून रिव्हा तेथें येतो आणि भाव आणखी चढण्याची वाट पाहत बसतो. रॉकेलच्या रांगा ज्या घरांनीं पाहिल्या, त्यांस ही लालूच समजावून सांगावयास नको. जवळचा पैसा तो रंगेलपणांत उधळतो व दुसऱ्याच एका गुंडाच्या नोरेवर भाळतो. (मुलांसमवेत पाहण्याजोगा हा चित्रपट नव्हे, हें आम्ही आधींच सांगून ठेवतों.)

श्री. मुंगा ब्रुसेल्सला शिकले. पण चित्रण त्यांनीं किन्शासांतच केलें, संवाद लिंगाला व फ्रेंच भाषांत ठेवले आणि नवख्या माणसांस शिकवून कामाला लावलें. २०११ सालीं त्यास आफ्रिकन मूव्ही अकॅडमीचीं सहा पारितोषिकें मिळालीं.

रिव्हापेक्षां आमच्या मनांत राहिली ती लष्करांतील एक अधिकारी स्त्री. टोळीनायकानें तिच्या बहिणीला ओलीस धरलें आहे. तिच्यासाठीं ती आपल्याच शहरांत त्या परक्याची वाटाडी होते.