गाडीचा ‘पिकअप’ वाढला, पण मोजला कसा?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की शहादा, प्रकाशा, तळोदा या पट्ट्यातील रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर अशी ट्रॉली ओलांडताना गाडीचा कमाल वेग फारसा उपयोगी पडत नाही. ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गाडी किती सेकंदांत पोहोचते, हे तेथे महत्त्वाचे ठरते. वाहनचालक ज्याला ‘पिकअप’ म्हणतात, ते शास्त्राच्या भाषेत त्वरण होय.

हे त्वरण वाढवून देण्याचा व्यवसाय गेल्या काही वर्षांत चांगलाच फोफावला आहे. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील आज्ञावली बदलणे (‘रीमॅप’), मूळ एअर फिल्टरऐवजी जास्त हवा घेणारा फिल्टर बसविणे, सायलेन्सरची नळी बदलणे, अॅक्सिलरेटरच्या पेडलला छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी जोडणे असे त्याचे अनेक प्रकार आहेत. काम झाल्यावर ग्राहक एक फेरी मारतो, ‘फरक जाणवतो’ असे म्हणतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. पैसे मोजले जातात; त्वरण मात्र कोणीच मोजत नाही.

जाणवणे आणि असणे यांतील अंतर या क्षेत्रात फार मोठे आहे. सायलेन्सरचा आवाज वाढला, की तोच वेग कानाला अधिक भासतो. पेडलच्या पेटीचे उदाहरण तर बोलके आहे. ही पेटी इंजिनाची शक्ती वाढवत नाही. पेडल थोडे दाबले असता ते जास्त दाबले आहे, एवढाच निरोप ती संगणकाला देते. त्यामुळे गर्दीत गाडी तरतरीत वाटते. पेडल शेवटपर्यंत दाबून चाचणी घेतली, तर पेटी लावण्यापूर्वीची आणि नंतरची वेळ जवळपास सारखीच भरते.

एका सेकंदाचा हिशेब

खऱ्या सुधारणेतून मिळते तरी किती, हे ढोबळ गणिताने पाहता येते. चालकासह १२०० किलो वजनाची एक मोटार शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत १२ सेकंदांत जाते, असे समजू. त्या वेगाला तिच्यात सुमारे ४६३ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. तिला १२ ने भागले, की सरासरी ३८.६ किलोवॉट, म्हणजे साधारण ५२ अश्वशक्ती निव्वळ वेग वाढविण्यात खर्च झाली, असे उत्तर येते. इंजिनाची माहितीपत्रकातील शक्ती याहून बरीच अधिक असते. उरलेली हवेच्या विरोधात, टायरच्या घर्षणात आणि गिअर बदलताना वाया गेलेल्या क्षणांत जाते. आता इंजिनाची शक्ती १० टक्क्यांनी वाढविली, तर १२ सेकंदांचे साधारण ११ सेकंद होतील. म्हणजे सारा खटाटोप एका सेकंदासाठी आहे, आणि मोजणीतील चूक त्या सेकंदापेक्षा बरीच लहान असली, तरच मोजणीला अर्थ आहे.

अडचण नेमकी येथेच आहे. रस्ता शंभर मीटरमागे एक मीटर चढत असेल, तर डोळ्यांना तो सपाटच दिसतो. पण तेवढ्या चढाने याच मोटारीच्या सरासरी त्वरणात सुमारे ४ टक्के घट होते आणि १२ सेकंदांचे साडेबारा होतात. उलट दिशेने गाडी हाकली, तर साडेअकरा. सुधारणेपूर्वीची चाचणी एका दिशेने आणि नंतरची दुसऱ्या दिशेने झाली, तर एका पैचाही भाग न बदलता संपूर्ण एक सेकंद ‘कमावता’ येतो.

वाऱ्याचेही तसेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीसमोर ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर तिला हवेच्या दृष्टीने १२० चा वेग सोसावा लागतो. वारा पाठीमागून असेल, तर ८० चा. या दोन स्थितींतील हवेच्या विरोधात सव्वादोन पटींचा फरक पडतो.

नंदुरबारची हवा

नंदुरबार जिल्ह्यात यात तापमानाची भर पडते. इंजिन इंधनाइतकेच हवेवरही चालते, आणि तापलेली हवा विरळ असते. जानेवारीच्या पहाटे पारा १२ अंश सेल्सिअसवर असताना आणि मेच्या दुपारी तो ४३ अंशांवर गेलेला असताना एकाच आकारमानाच्या हवेच्या वजनात सुमारे १० टक्क्यांचा फरक असतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात कमी होते. म्हणजेच सुधारणेआधीची चाचणी मे महिन्यात आणि नंतरची डिसेंबरात घेतली, तर श्रेय गॅरेजला मिळते आणि काम थंडीने केलेले असते.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा परिणामही असाच. नंदुरबार शहर साधारण दोनशे मीटर उंचीवर आहे, तर तोरणमाळ ११०० मीटरहून अधिक उंचीवर. तेथे हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. सातपुड्याच्या वळणांवर गाडी ‘ओढत नाही’ अशी तक्रार करताना चढाला दोष दिला जातो. त्यात विरळ हवेचाही वाटा असतो. टर्बो बसविलेल्या इंजिनात हवा दाबून भरली जात असल्याने ही घट बरीचशी भरून निघते. मात्र तापलेल्या इंजिनात आत जाणारी हवाही तापते, म्हणून लागोपाठ घेतलेल्या चाचण्यांत पाचवी फेरी पहिलीपेक्षा मंद निघणे स्वाभाविक आहे.

काटा आणि घड्याळ

मोजणीचे साधन काय, हा पुढचा प्रश्न. गाडीतील वेगाचा काटा मुळातच थोडा फुगवून सांगतो. खऱ्या वेगापेक्षा कमी वेग त्याने दाखविता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक असल्याने उत्पादक त्याला जास्तीच्या बाजूला झुकवून ठेवतात. काट्यावर १०० दिसतात तेव्हा प्रत्यक्ष वेग ९५ च्या आसपास असणे नवलाचे नाही.

टायर बदलले, की हा हिशेब आणखी बिघडतो. १७५/६५ आर १४ मापाच्या टायरचा व्यास ५८३ मिलिमीटर भरतो, तर १८५/६५ आर १५ चा ६२१. हा बदल केवळ देखणेपणासाठी केला, तरी चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी साडेसहा टक्के अधिक अंतर कापते. काटा मात्र जुन्याच मापाने वेग सांगत राहतो आणि खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो. शिवाय मोठ्या चाकामुळे प्रत्येक गिअरमधील ओढ तेवढ्याच प्रमाणात घटते. इंजिनावर खर्च करून शक्ती वाढवायची आणि रुंद, उंच टायर लावून ती घालवायची, हा प्रकार अपवादात्मक नाही.

मोबाइलमधील जीपीएस वेग बराच अचूक सांगतो, पण बहुतेक फोन तो सेकंदातून एकदाच नोंदवतात. जो फरक शोधायचा तोच एक सेकंदाचा असेल, तर ही पट्टी फारच जाड ठरते. चाचणीसाठी बनविलेली जीपीएस उपकरणे सेकंदाला दहा किंवा त्याहून अधिक नोंदी घेतात. ते नसेल, तर काट्याचे चित्रीकरण हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केले आणि नंतर चौकटी मोजल्या, तर वेळ सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत मिळते. काटा चुकीचा असला तरी दोन्ही वेळा सारखाच चुकतो. त्यामुळे टायर तेच असतील, तर तुलना खरी उतरते.

माहितीपत्रकातील किंवा परदेशी नियतकालिकांतील आकड्यांशी आपली वेळ ताडून पाहण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. अमेरिकेत शून्य ते ६० मैलांची वेळ देतात, म्हणजे ताशी ९६.६ किलोमीटरपर्यंतची. त्यातही ड्रॅग शर्यतींच्या प्रथेनुसार गाडी पहिला सुमारे एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करण्याची पद्धत तेथील नियतकालिकांत रूढ आहे. त्या एका फुटात सेकंदाचा पाव भाग गळून जातो.

मोठ्या शहरांतील काही गॅरेजमध्ये ‘डायनो’ असतो. गाडीची चाके रुळांवर फिरवून शक्ती मोजणारे हे यंत्र वारा आणि चढ या दोन्ही भानगडी मिटवते. पण त्याचा कागद वाचताना एक गोष्ट पाहावी. यंत्र त्या दिवशीच्या तापमानावरून आणि दाबावरून आकडा प्रमाणित हवामानाला जुळवून घेते. ही दुरुस्ती टर्बो नसलेल्या इंजिनासाठी ठीक असते. टर्बो इंजिनाला तीच लावली, तर गरमीच्या दिवसांत आकडा उगाच फुगतो. दुरुस्तीपूर्वीचा आकडा मागून घेणे आणि दोन्ही मोजण्या एकाच दिवशी, एकाच यंत्रावर करवून घेणे हा ग्राहकाचा हक्कच समजायला हवा.

मोजायचे कोठे?

याचे प्रामाणिक उत्तर सार्वजनिक रस्त्यावर नाही, असेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे वा वेगाच्या चाचण्या घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नंदुरबारपासून शहादा, खेतिया, सेंधवा या वाटेने आग्रा महामार्गाला लागले, की पुढे धार जिल्ह्यातील पिथमपूर येते. तेथील ‘नॅट्रॅक्स’ या सरकारी चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीची वेगवान धावपट्टी आहे. जून २०२१ मध्ये तत्कालीन अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी तिचे उद्घाटन केले, तेव्हा आशियातील सर्वांत लांब अशी तिची ओळख करून देण्यात आली. पण ही सोय मुख्यतः वाहन उद्योगासाठी आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ‘एआरएआय’ ही संस्थाही प्रामुख्याने उद्योगांचीच कामे करते.

सामान्य मालकाला शून्य ते १०० ची चाचणी घेणे म्हणूनच परवडणारे नाही. तिला दोनशे मीटरहून अधिक धाव आणि वर थांबण्यासाठी मोकळी जागा लागते. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ही मोजणी अधिक सोपी आणि खरे तर अधिक उपयोगाची. क्लच सोडण्याचे कसब आणि गिअर बदलण्याची चलाखी तीतून वगळली जाते. उरते ती निव्वळ इंजिनाची ओढ. मालकाच्या परवानगीने एखाद्या कारखान्याच्या वा गोदामाच्या आवारातील बंदिस्त, सरळ, चारेकशे मीटरच्या पट्ट्यावर ती घेता येते. टायरमधील हवा थंड असताना तपासलेली, इंधन तितकेच, माणसे तितकीच, वातानुकूलन बंद, इंजिन सारखेच तापलेले, आणि प्रत्येक दिशेने निदान तीन फेऱ्या घेऊन सगळ्यांची सरासरी, एवढे पथ्य पाळावे लागते. सर्वांत चांगली फेरी तेवढी लक्षात ठेवण्याची मानवी सवय येथे घातक ठरते. फेऱ्याफेऱ्यांतच अर्ध्या सेकंदाचा फरक येत असेल, तर सुधारणेने पाव सेकंद वाचविला, या दाव्याला आधार राहत नाही.

काटेकोरपणाचा हा आग्रह हौसेपोटी नाही. ४० ते ८० ला आठ सेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात गाडी सुमारे १३३ मीटर पुढे जाते आणि समोरून ताशी ८० ने येणारे वाहन १७८ मीटर जवळ येते. म्हणजे ३११ मीटर मोकळा रस्ता लागतो. सुधारणेने खरोखर एक सेकंद वाचला, तर ही गरज २७२ मीटरवर येते. जवळपास चाळीस मीटरचा हा लाभ खराच मोलाचा आहे. पण चाचणी एकट्या चालकाने घेतलेली असते. लग्नाला निघालेली पाच माणसे आणि सामान मिळून ३०० किलोंची भर पडली, की १२०० किलोंच्या मोटारीचे आठ सेकंद दहावर जातात. गॅरेजने दिलेला सेकंद तर जातोच, वर आणखी एक जातो. चालकाच्या मनात मात्र रिकाम्या गाडीचा ‘पिकअप’ बसलेला असतो, आणि ट्रॉलीमागून बाहेर पडण्याचा निर्णय तो त्याच भरवशावर घेतो.

कायद्याची बाजूही ग्राहकांना सहसा सांगितली जात नाही. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास कलम ५२ मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक अनधिकृत बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांची गाडी असेल, तर रीमॅपमुळे तिच्या धुराचे प्रमाणही बिघडू शकते. उत्पादकाची हमी आणि अपघातानंतरचा विम्याचा दावा यांवर अशा बदलाचा काय परिणाम होईल, हे पॉलिसीच्या आणि हमीपत्राच्या अटींत वाचायला मिळते. ते काम गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी करायचे असते. मूळ गाडीच्या फेऱ्यांच्या नोंदीही त्याच वेळी घ्याव्या लागतात. एकदा संगणकातील आज्ञावली बदलली, की आधीची वेळ मोजायला आधीची गाडी शिल्लक राहत नाही.